हिशेब दाखवा : एलुईझ कोबेल आणि एका शतकाची खतावणी

मराठी कथा-कादंबरीत बँकवाला, सावकार किंवा हिशेबनीस यांच्या वाट्याला नायकपद क्वचितच येते. खतावणी आपल्या साहित्यात येते ती बहुधा शोषणाची खूण म्हणून, आणि त्याला इतिहासाचा भक्कम आधार आहे. १८७५ साली सुप्याच्या बाजारात जमलेल्या कुणब्यांनी सावकारांच्या वह्या आणि कर्जरोखे जाळले, कारण त्यांच्या दृष्टीने त्या कागदातच त्यांची गुलामी लिहिलेली होती. अशा वाङ्मयीन वातावरणात वावरणाऱ्या आम्हां अध्यापकांना एलुईझ कोबेल यांचे चरित्र विलक्षण वाटते ते याच कारणासाठी. त्यांच्या लोकांवरचा अन्यायही वहीतूनच झाला होता. परंतु कोबेल यांना वही जाळायची नव्हती, शोधून काढायची होती. सरकारच्या दप्तरात आपल्या लोकांच्या नावाने जी खाती शतकभर चालू आहेत त्यांचा हिशेब दाखवा, एवढीच त्यांची मागणी होती. ती तडीस नेण्यासाठी त्यांनी पंधरा वर्षे न्यायालयात घालवली. या पंधरा वर्षांतून काय हाती आले आणि काय आले नाही, हे आम्हांला येथे पाहायचे आहे.

एलुईझ पेपिअन यांचा जन्म ५ नोव्हेंबर १९४५ रोजी अमेरिकेतील मोंटाना राज्यात ब्लॅकफीट जमातीच्या राखीव प्रदेशात झाला. ग्लेशियर राष्ट्रीय उद्यानाच्या पूर्वेला पसरलेला हा वाऱ्याचा आणि गवताचा मुलूख. ब्राउनिंग हे त्याचे मुख्य गाव. घरी वीज नव्हती, नळाचे पाणी नव्हते. शाळा एकखोलीची. त्या माउंटन चीफ या ब्लॅकफीट नेत्याच्या पणती. हे नाते केवळ वंशावळीपुरते नाही. २३ जानेवारी १८७० रोजी पहाटे अमेरिकी लष्कराची तुकडी माउंटन चीफच्या टोळीच्या शोधात मरायस नदीकाठी आली आणि तिने हल्ला केला तो भलत्याच तळावर. तो तळ हेवी रनर या शांततावादी नेत्याचा होता. तळात देवीची साथ चालू होती; मारले गेलेल्या सुमारे दोनशेंत बहुसंख्य स्त्रिया, मुले आणि वृद्ध होते. हेवी रनर आपल्या सद्‍वर्तनाचा सरकारी दाखला हातात उंच धरून सामोरा आला आणि त्याच अवस्थेत गोळीला बळी पडला, अशी हकीकत सांगितली जाते. यानंतर तीनच वर्षांनी, १८७३ साली, जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ हा ग्रंथ अमेरिकेतील सदाचारी लोकांना, त्यांनी निग्रो गुलामांना दास्यातून मुक्त केल्याबद्दल, अर्पण केला. त्या अर्पणपत्रिकेचे मोल यामुळे तिळमात्र उणावत नाही. परंतु त्याच देशाच्या दुसऱ्या टोकाला त्याच दशकात काय चालले होते हे ती पत्रिका शिकवताना विद्यार्थ्यांना सांगावे, असे आम्हांस वाटते.

सरकारी कागद हाच आपला आश्रय आणि तोच आपला घात, हा अनुभव ब्लॅकफीट लोकांना पुढे वारंवार आला. १८८३च्या सुमारास गवे जवळजवळ नाहीसे झाले आणि हे लोक सरकारी शिध्यावर अवलंबून राहिले. १८८३-८४च्या हिवाळ्यात शिधा पुरेसा आला नाही. सरकारी ठाण्याच्या परिसरात सुमारे सहाशे माणसे उपासमारीने मेली. म्हणजे जमातीचा साधारण चौथा हिस्सा. प्रेते पुरलेल्या त्या टेकडीला ‘घोस्ट रिज’, म्हणजे भुतांची टेकडी, असे नाव पडले. कोबेल या टेकडीचा उल्लेख आवर्जून करीत. न्यायालयातील आकड्यांच्या लढाईला ही एक पार्श्वभूमी आहे, हे विसरून चालणार नाही.

आता हिशेबाकडे वळू. १८८७ साली अमेरिकी काँग्रेसने डॉझ कायदा केला. जमातींच्या सामाईक जमिनी मोडून प्रत्येक कुटुंबप्रमुखाला साधारण १६० एकर द्यायचे आणि उरलेली जमीन ‘जादा’ ठरवून गोऱ्या वसाहतकारांना मोकळी करायची, असा त्याचा मतलब. त्यामागे सुधारणावादी मंडळींची तळमळही होती : खाजगी मालकी आली की माणूस ‘सुसंस्कृत’ होतो, हा त्या काळचा दृढ विश्वास. परिणाम असा झाला की १८८७ साली मूळनिवाशांकडे सुमारे १३ कोटी ८० लाख एकर जमीन होती. १९३४ साली, हे धोरण थांबले तेव्हा, ४ कोटी ८० लाख एकर उरली होती.

जी उरली तिचे काय? मालक आपली मालमत्ता सांभाळण्यास ‘सक्षम’ नाही असे गृहीत धरून सरकारने ती आपल्या विश्वस्तपणाखाली ठेवली. आधी पंचवीस वर्षांसाठी आणि १९३४ नंतर बेमुदत. गुरचराई, लाकूड, तेल, वायू यांचे भाडेपट्टे सरकारने करायचे, पैसे सरकारने गोळा करायचे, प्रत्येक मालकाच्या नावाने खाते उघडून त्यात जमा करायचे आणि मग त्याला धनादेश पाठवायचा. मालक हा पाल्य आणि सरकार हे पालक. आपल्या भाषेत ‘विश्वस्त’ या शब्दात विश्वास आधीच गृहीत धरलेला आहे; येथे मात्र विश्वास ठेवायचा की नाही हे ठरवण्याचा अधिकार पाल्याला कुणी दिलाच नव्हता. धनादेश यायचा. तो कोणत्या जमिनीचा, कोणत्या पट्ट्याचा, किती पिंपे तेलाचा, हे त्यावरून कळायचे नाही.

त्यात वारसाहक्काची भर पडली. आपल्याकडील वाचकांनी सातबाऱ्यावर एकाखाली एक वाढत गेलेली वारसांची नावे डोळ्यांसमोर आणावीत. फरक एवढाच की येथे जमिनीचे प्रत्यक्ष तुकडे होत नसत. जमीन अखंड राहायची आणि तिच्यातील अविभक्त हिस्सा मात्र पिढीगणिक अपूर्णांकात विभागला जायचा. डाकोटांच्या मुलखातील ‘भूखंड १३०५’ याचा दाखला अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९८७ सालच्या एका निकालपत्रात दिला आहे, आणि तो निकालपत्रांच्या रूक्ष गद्यातही हसू आणि संताप एकदमच आणतो. हा भूखंड चाळीस एकरांचा. त्याची किंमत ८,००० डॉलर, वार्षिक उत्पन्न १,०८० डॉलर आणि मालक ४३९. त्यांपैकी एक तृतीयांश मालकांना वर्षाला पाच सेंटही मिळत नसत. हिस्से मांडण्यासाठी जो सामाईक छेद घ्यावा लागे तो ३३,९४,९२,३८,४०,००० इतका होता. सर्वांत लहान हिस्सेदाराला १७७ वर्षांतून एकदा एक सेंट मिळणार होता! आणि या एका भूखंडाची व्यवस्था पाहण्याचा सरकारी खर्च वर्षाला १७,५६० डॉलर. विसंगतीच्या शोधात असणाऱ्या कथाकाराने यापुढे हात टेकावेत.

कोबेल यांचे शिक्षण वाणिज्याचे. ग्रेट फॉल्स येथील व्यापारी महाविद्यालयात आणि पुढे मोंटाना स्टेट विद्यापीठात त्या शिकल्या. आई मृत्युशय्येवर असल्याने पदवी न घेताच परतल्या. काही काळ सिअ‍ॅटलमध्ये नोकरी, तेथेच ॲल्विन कोबेल यांच्याशी विवाह आणि मग वडिलांच्या गुरांच्या व्यवसायाला हातभार लावण्यासाठी पुन्हा गावी. सत्तरीच्या दशकात त्या जमातीच्या खजिनदार झाल्या आणि येथे त्यांची गाठ सरकारी खात्यांशी पडली. जमातीच्या विश्वस्त खात्यांवर जमा व्हावे ते व्याज उणे दिसत असल्याचे त्यांच्या ध्यानात आले. त्यांनी विचारणा केली तेव्हा त्यांना आधी ताळेबंद वाचायला शिकण्याचा सल्ला मिळाला, असे त्या पुढे सांगत. सल्ला देणाऱ्याला आपण कोणाशी बोलतो आहोत याची कल्पना नसावी.

त्यांच्या कामाचा जो भाग आम्हांला सर्वाधिक महत्त्वाचा वाटतो, तो खटल्याच्या प्रसिद्धीत झाकला गेला आहे. १९८३ साली ब्राउनिंगमधील एकमेव बँक बंद पडली. राखीव प्रदेशात कर्ज देणे बँकांना मुळातच नकोसे. कारण विश्वस्तपणाखालील जमीन सहजासहजी तारण ठेवता येत नाही. ज्या व्यवस्थेने जमीन ‘राखली’ त्याच व्यवस्थेने तिला भांडवल होऊ दिले नाही. बाहेरची कोणतीही बँक येण्यास तयार होईना, तेव्हा जमातीनेच बँक काढावी असा विचार कोबेल यांनी पुढे रेटला आणि १९८७ साली ‘ब्लॅकफीट नॅशनल बँक’ उभी राहिली. राखीव प्रदेशात स्थापन झालेली, जमातीच्या मालकीची ही पहिली राष्ट्रीय बँक. गावात दुकान काढू इच्छिणाऱ्या माणसाला, गुरे घेऊ पाहणाऱ्या शेतकऱ्याला आपल्याच गावात आपल्याच माणसापुढे अर्ज करता येऊ लागला. २००१ साली इतर अनेक जमाती या उद्योगात सामील झाल्या आणि तिचे रूपांतर ‘नेटिव्ह अमेरिकन बँके’त झाले. आपल्या लोकांना जमाखर्च वाचता आला पाहिजे, हा कोबेल यांचा ध्यास होता. या आर्थिक साक्षरतेच्या कार्यासाठी त्यांना १९९७ साली मॅकआर्थर फाउंडेशनची मानाची पाठ्यवृत्ती मिळाली. तिच्यातील बरीचशी रक्कम त्यांनी खटल्यात घातली.

नेतृत्व म्हटले की आपल्या मनात वक्तृत्व आणि मोर्चा उभा राहतो. कोबेल यांचे सामर्थ्य निराळ्या जातीचे होते. हिशेब ही दयेची याचना नसते. ती दोन बाजू समान मानणाऱ्या व्यवहारातली भाषा आहे : तुमच्याकडे माझी ठेव आहे, तिचा तपशील द्या. शतकभर ज्यांना ‘अक्षम’ म्हटले गेले त्यांच्यातीलच एका स्त्रीने सक्षमतेचा प्रश्न उलटा फिरवून विश्वस्तालाच विचारला. तुम्ही सांभाळू शकता का?

उत्तर बहुतेकांना आधीपासून ठाऊक होते. १९१५ साली काँग्रेसपुढे आलेल्या एका अहवालात या कारभारातील अफरातफर आणि नाकर्तेपणा यांविषयी अत्यंत कठोर शब्द होते. १९९२ साली प्रतिनिधिगृहाच्या समितीने पुन्हा तेच सांगितले आणि १९९४ साली सुधारणेचा कायदा झाला. काही हलले नाही. तेव्हा १० जून १९९६ रोजी कोबेल यांनी लाखो खातेदारांच्या वतीने केंद्र सरकारविरुद्ध दावा दाखल केला. सहवादींमध्ये ब्लॅकफीटांचे प्रमुख अर्ल ओल्ड पर्सन होते. ओक्लाहोमाच्या मिल्ड्रेड क्लेगहॉर्न होत्या. अपाची लोकांना युद्धकैदी म्हणून डांबले होते त्या काळात, १९१० साली, त्या जन्मल्या, म्हणजे जन्मतःच युद्धकैदी. १९९७ साली, खटला नुकता सुरू झालेला असताना, त्या वारल्या.

या खटल्यात नुकसानभरपाई मागितलेली नव्हती. मागितला होता तो हिशेब. इंग्रजी कायद्याच्या परंपरेत विश्वस्ताने लाभधारकाला हिशेब देणे हे त्याचे आद्य कर्तव्य आहे, आणि कोबेल व त्यांचे वकील डेनिस गिंगोल्ड यांनी त्याच एका कलमावर सारी मांडणी उभारली. न्यायमूर्ती रॉयस लॅम्बर्थ यांनी कागदपत्रे मागवली. ती आली नाहीत. फेब्रुवारी १९९९ मध्ये अंतर्गत व्यवहार मंत्री ब्रूस बॅबिट आणि अर्थमंत्री रॉबर्ट रुबिन यांना न्यायालयाच्या अवमानाबद्दल दोषी ठरवण्यात आले. त्याच वर्षी उघड झाले की खटला चालू असताना अर्थखात्याने १६२ खोकी कागदपत्रे नष्ट केली होती आणि ही गोष्ट न्यायालयापासून काही महिने लपवली होती. सुप्याच्या कुणब्यांनी वह्या जाळल्या त्या ऋणकोंच्या असहायतेतून. येथे खुद्द विश्वस्ताच्या घरी वही नाहीशी झाली. डिसेंबर १९९९ मध्ये लॅम्बर्थ यांनी सरकारने विश्वस्तपणाचा भंग केल्याचा निर्णय दिला.

पुढचा प्रसंग तर आजच्या माहितीयुगाला साजेसा. न्यायालयाने नेमलेल्या विशेष अधिकाऱ्याने तज्ज्ञांकरवी खात्याच्या संगणक-प्रणालीत शिरकाव करवून स्वतःच्या नावाचे एक बनावट खाते उघडून दाखवले. डिसेंबर २००१ मध्ये न्यायमूर्तींनी अंतर्गत व्यवहार खात्याला इंटरनेटपासून तोडण्याचा हुकूम केला. परिणामी हजारो खातेदारांचे धनादेश ऐन हिवाळ्यात थांबले, आणि त्याचा रोष काही अंशी कोबेल यांच्यावरही आला. ज्यांच्यासाठी लढावे त्यांचीच चूल त्या लढ्यामुळे काही दिवस थंडावली, या वस्तुस्थितीची नोंद त्यांच्या गौरवग्रंथांत सहसा आढळत नाही. आमच्या मते ती असायला हवी. त्यामुळे त्या लहान होत नाहीत.

खटल्याचे पुढील टप्पे भराभर सांगता येतील. २००५ साली लॅम्बर्थ यांनी खात्याला वंशवादी आणि साम्राज्यवादी कारभाराचा वारसा चालवणारे म्हटले. २००६ साली अपील न्यायालयाने, त्यांची निःपक्षपातीपणाची प्रतिमा डागाळली असल्याचे सांगून, त्यांना खटल्यातून दूर केले. त्यांच्या जागी आलेल्या न्यायमूर्ती जेम्स रॉबर्टसन यांनी जानेवारी २००८ मध्ये असा हिशेब देणे अशक्य आहे असे म्हटले आणि ऑगस्टमध्ये ४५ कोटी ५६ लाख डॉलर ठरवून दिले. वादींची मागणी सुमारे ४७ अब्जांची होती. २००९च्या जुलैमध्ये अपील न्यायालयाने तोही निर्णय रद्द केला : हिशेब द्यायला हवा, पण काँग्रेस जेवढे पैसे देईल तेवढ्यातच. पाल्याचा हिशेब करायचा की नाही, आणि केला तर कितपत, हे पुन्हा पालकाच्याच खिशावर!

डिसेंबर २००९ मध्ये ३.४ अब्ज डॉलरची तडजोड जाहीर झाली. बरोबर एका वर्षाने, ८ डिसेंबर २०१० रोजी, तिला मान्यता देणाऱ्या कायद्यावर राष्ट्राध्यक्ष ओबामा यांनी सही केली. त्यांतील साधारण १.४ अब्ज डॉलर खातेदारांसाठी आणि सुमारे दोन अब्ज डॉलर विखुरलेले हिस्से विकत घेऊन जमीन जमातींकडे परत देण्यासाठी होते. विद्यार्थ्यांच्या शिष्यवृत्तीसाठी ६ कोटी डॉलरपर्यंत तरतूद होती. देणे याहून कितीतरी अधिक आहे हे कोबेल उघडपणे सांगत; पण दरवर्षी वृद्ध खातेदार मरत आहेत, आणखी थांबण्यात अर्थ नाही, असेही त्या म्हणत. सर्वांना हे पटले नाही. जून २०११ मध्ये न्यायमूर्ती टॉमस होगन यांनी तडजोड कायम केली तेव्हा वकिलांना ९ कोटी ९० लाख आणि कोबेल यांना २० लाख डॉलर मंजूर झाले. त्यावरून टीका झाली आणि काही खातेदारांनी अपिले केली. पंधरा वर्षांच्या कामाचे मोल म्हणून ती रक्कम आम्हांला अवाजवी वाटत नाही. पण टीकाकारांचा मूळ आक्षेप रकमेपलीकडचा होता आणि तो सहजी झटकून टाकता येत नाही. तडजोडीने पैसे दिले आणि त्या बदल्यात हिशेब मागण्याचा हक्क संपवला. ज्या मागणीपासून खटला सुरू झाला तिचे उत्तर कधीच आले नाही. शंभर वर्षांत किती तेल गेले, किती लाकूड गेले, कोणाच्या नावावरचे किती पैसे कोठे मुरले, हे आता कोणतेही न्यायालय विचारणार नाही.

एलुईझ कोबेल १६ ऑक्टोबर २०११ रोजी कर्करोगाने वारल्या. २०१६ साली त्यांना मरणोत्तर ‘प्रेसिडेन्शियल मेडल ऑफ फ्रीडम’ देण्यात आले. त्यांच्या नावाची शिष्यवृत्ती चालू आहे. जमीनखरेदीची योजना नोव्हेंबर २०२२ मध्ये संपली तोपर्यंत सुमारे ३० लाख एकरांइतके हिस्से जमातींच्या ताब्यात परत आले होते. डॉझ कायद्याने जे विखुरले त्याचा हा लहानसाच अंश; तरीही डॉझच्या उलट दिशेने जाणारे एवढे मोठे पाऊल आमच्या माहितीत दुसरे नाही.

खातेदारांच्या हाती पहिले धनादेश पडले ते डिसेंबर २०१२ मध्ये, कोबेल यांच्या मृत्यूनंतर चौदा महिन्यांनी. ज्यांच्या खात्यांचा हिशेब लागू शकला नव्हता त्या खातेदारांचा एक वेगळा वर्ग कायद्याच्या कागदपत्रांत केला होता आणि त्याला नाव दिले होते ‘ऐतिहासिक हिशेब वर्ग’. या वर्गातील प्रत्येकाला, त्याची जमीन तेलाची असो वा माळरानाची, हिस्सा चाळीस एकरांचा असो वा १७७ वर्षांतून एका सेंटचा, सारखेच एक हजार डॉलर मिळाले.